रिकाम्या पाळण्याचं वजन

"रिकामा बेशिक हलवू नकोस गं," असं उल्कान आपा म्हणाल्या तेव्हा बेगिमायच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात त्या बेशिकचा, म्हणजे पाळण्याचा, आडवा दांडा, आणि खाली टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता.

"हलवला तर काय होतं, आपा?"

"मला काय माहीत काय होतं! माझ्या सासूनं मला सांगितलं, मी तुला सांगते. कारण हवं असेल तर तिला विचार. ती त्या टेकडीवर निजलीय."

बेगिमाय हसली. आपांच्या, म्हणजे तिच्या सासूच्या, कडेवर तिची सात महिन्यांची सेझिम होती. उजव्या हाताची दोन बोटं तोंडात घालून ती चोखत होती. चोखून झालं की टाळ्याला जीभ लावून 'टच्' करायची आणि मग म्हाताऱ्या माणसासारखा उसासा टाकायची. बेगिमायनं त्या उसाशाची पापी घेतली आणि पाळणा घेऊन जिना उतरली.

पाळणा तिच्याच माहेरचा. सेझिम चाळीस दिवसांची झाली तेव्हा आईनं वाजतगाजत आणून दिलेला. पण बाळाला पट्ट्यांनी घट्ट बांधून निजवणं कंबरेला बरं नसतं, असं कुठंतरी वाचल्यापासून बेगिमाय सेझिमला आपल्या कुशीतच घ्यायची. आपा चार दिवस फुगून बसल्या होत्या. मग त्यांनी पाळण्यावर पांघरूण घातलं, उशीखाली राखण म्हणून नानचा एक वाळका तुकडा आणि बोटाएवढी सुरी ठेवली, आणि पाळणा कोपऱ्यात गेला. आता तो विद्यापीठात निघाला होता.

माणूस आणि संगणक एकमेकांशी कसे वागतात हे तपासणारी ती प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. दर उन्हाळ्यात तिथे विद्यार्थ्यांना संशोधनाच्या दोन जागा निघत. खरं संशोधन, छापल्या जाणाऱ्या निबंधावर नाव, आणि पुढे शिकायला जायचं तर प्रयोगशाळेच्या प्रमुख क्लारा एजेंची, म्हणजे क्लारा ताईंची, शिफारस. त्या जागांसाठी पोरं वर्षभर एजेंच्या मागे मागे फिरत. बाळंतपणात बेगिमायचं एक वर्ष बुडालं होतं. तिला कुणी घेईल असं तिलाच वाटत नव्हतं.

"माझ्याकडची पोरं यंत्राशी बोलतात," क्लारा एजे मुलाखतीत म्हणाल्या होत्या, "बाळाशी कुणी बोललेलं नाही. तू दोघांशी बोलतेस. ये सोमवारपासून."

काम असं होतं. बाळाचा आवाज ऐकून आपोआप हलणारा, थांबणारा, आईशी जुळवून घेणारा पाळणा बनवायचा. पण बनवण्याआधी बघायचं की अशा पाळण्याशी आया बोलतील तरी कशा. म्हणून यंत्र नसतानाच यंत्र असल्याचं सोंग करायचं. पुढच्या खोलीत पाळणा आणि आई. पातळ भिंतीआड एक विद्यार्थी, कानाला हेडफोन, समोर छोटा पडदा, हाताखाली एक दांडी. बाळ मात्र पाळण्यात ठेवायचं नाही, तो पक्का नियम. गादीत एक लहानसा स्पीकर, त्यातून बाळाचं रडणं ऐकवायचं. आई चुचकारायला लागली की भिंतीआडच्यानं दांडी हळूच सरकवायची. आईला वाटे पाळणाच शहाणा. तिच्या सगळ्या फेऱ्या झाल्या की शेवटी तिला सगळं खरं सांगायचं, सगळ्यांनी हसायचं, चहा आणि बोर्सोक, ते तळलेल्या पिठाचे गोळे.

भिंतीआड बसण्याला लॅबमध्ये 'भूत होणं' म्हणत.

"आज भूत कोण?" दुसऱ्या जागेवर लागलेला एर्मेक रोज सकाळी दारातूनच ओरडायचा. उंच, किडकिडीत पोरगा. त्याला कशाचंही हसू यायचं.

"मीच. तुझ्या हाताला लय नाही. काल पाळणा हलवत होतास की चाळण?"

"माझ्या आईला सांग. तिनं असाच हलवला मला, म्हणून मी असा झालो."

गादीखाली वजन ओळखणारी एक पट्टी बसवलेली होती. पाळणा रिकामा असताना तिनं शून्य दाखवायला हवं. पहिल्या दिवशी दाखवेना. एर्मेकनं उशी उचलली.

"हे काय? न्याहारी?"

वाळका नान आणि ती सुरी. बेगिमायला लाज वाटली. "सासूबाईंचं आहे," म्हणत तिनं दोन्ही उचललं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. पडद्यावर शून्य आलं. दुपारपर्यंत नान चिमण्यांनी नेला.

मग सराव. दांडी किती सरकवली की पाळणा किती झुकतो, हे हाताला कळायला हवं. बेगिमाय आठवडाभर भिंतीआड बसून तो रिकामा पाळणा हलवत राहिली. आपांचं बोलणं एकदा आठवलं, तेव्हा तिला हसूच आलं होतं.

रडण्याचा आवाज हवा होता, तो सेझिमचा घेतला. घरी फोनवर टिपला. भुकेचं रडणं, झोपेचं रडणं, आणि तो 'टच्' आणि उसासासुद्धा. आयांनाही सांगितलं होतं, आपापल्या बाळाचा आवाज फोनवर टिपून आणा, म्हणजे पाळण्याशी बोलताना अवघडल्यासारखं होणार नाही. एकजण आणायची, दहाजणी विसरायच्या.

त्या सुमारास शहरभर पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडत होता. खिडकी उघडली की तो पांढरा भुरा आत यायचा, जमिनीवर लोळायचा, कोपऱ्यात गोळा व्हायचा. सकाळी लॅब उघडली की पाळण्यात थोडासा साचलेला असे. आणि पडद्यावर शून्याच्या जागी काहीतरी असे. साठ ग्रॅम. कधी ऐंशी.

"कापूस," एर्मेक म्हणाला.

"कापसाला एवढं वजन?"

"मग उंदीर. मग दमट हवा. यंत्र आहे, बाई, जरा नाजूक आहे. शून्य कर आणि बस."

तिथली रीतच ती. सकाळी आल्यावर आकडा काय आहे ते बघायचं नाही, बटण दाबून त्यालाच शून्य म्हणायचं आणि कामाला लागायचं. दुकानदार भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणतो, तसं. रोज सकाळी कुणीतरी दाबायचंच.

घरी सेझिम शहाणी झाली होती.

आधी बेगिमायच्या लक्षात आलं नाही. दुधासाठी रडली नाही, दोन तास झाले, मग चार. पाजलं तर प्यायची, नाही पाजलं तर छताकडे बघत पडायची. शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, "गुणाचं गं बाळ! माझं बघ, कावळ्यासारखं."

"काय गुणाचं!" आपा फटकन म्हणाल्या. "बाळानं रडायला हवं. आमच्या घरात गप्प बसणारं कुणी जन्माला येतच नाही."

रशियातल्या बांधकामावरून तिच्या नवऱ्याचा, उलानचा, फोन यायचा. तो पडद्यावर वेडीवाकडी तोंडं करायचा. पूर्वी सेझिम खिदळायची. आता ती त्याच्या खांद्यापलीकडे कुठंतरी बघत राहायची. "झोपेत आहे वाटतं," तो म्हणायचा आणि उगाचच हसायचा.

दवाखान्यातल्या बाईंनी सेझिमला काट्यावर ठेवलं, मग काढलं, मग पुन्हा ठेवलं.

"मागच्या वेळेपेक्षा सहाशे ग्रॅम कमी. या वयात वाढायला हवं. जुलाब?"

"नाही."

"ताप?"

"नाही. पिते नीट. दिसायलाही तशीच आहे ना?"

बाईंनी सेझिमचा दंड चिमटीत धरला. दंड तसाच गुबगुबीत होता. "दिसायला तशीच आहे," त्या म्हणाल्या, आणि काट्याकडे रागानं बघितलं.

वरवर तशीच. पण उचलताना बेगिमायचा हात आता दर वेळी अंदाजापेक्षा वर जायचा. रिकामी किटली भरलेली समजून उचलावी, तसा.

त्या दवाखान्यामुळेच तिला लॅबला पोचायला उशीर झाला. जिना चढली तर दारात गुलबारा. ही शहराबाहेरच्या नव्या वस्तीत राहणारी शिवणकाम करणारी बाई. गळ्यात मोजपट्टी तशीच. तिसऱ्यांदा आली होती, आणि तीच एकटी दर वेळी आठवणीनं आपल्या बाळाचा आवाज आणायची. तिचा मुलगा एल्दार आठ महिन्यांचा होता.

"आज तर कमाल केली तुमच्या पाळण्यानं!" गुलबारा म्हणाली. "मी श्वास घेतला की थांबायचा, सोडला की हलायचा. आणि तुम्ही लोक बाई फसवे. रिकामा असतो म्हणता."

"रिकामाच असतो."

"बरं बरं." ती हसली आणि एकदम आवाज खाली आणला. "पांघरूण जरा वर उचललं मी. अंधारात नीट दिसलं नाही. पण कान ओढत होतं ना ते? माझा एल्दारही अस्साच. झोप आली की उजवा कान ओढत बसतो, लालेलाल करतो. आता हळू बोला हं, नुकतं निजलंय."

ती गेली. तिचा चहा तसाच राहिला होता.

आत क्लारा एजे खुशीत होत्या. "बेगिमाय, आजच्यासारखी लय मी कुणाच्या हाताला बघितली नाही. पुढच्या महिन्यात पाहुणे येणार आहेत, त्यांना हेच दाखवायचं. तुझी जागा हिवाळ्यापर्यंत वाढवते."

बेगिमायनं एर्मेककडे बघितलं. त्यानं दोन्ही अंगठे वर केले. एजे गेल्यावर ती म्हणाली, "मस्त बसलास. कधी शिकलास?"

"मी?"

"भूत तूच होतास ना?"

"मी खाली बोर्सोक आणायला गेलो होतो. खोली बंद होती, मला वाटलं तू आलीस." तो हसायला लागला. मग हसणं अर्ध्यात राहिलं. "मस्करी करतेस ना?"

तिनं हातातली दवाखान्याची पिशवी वर केली. त्यात सेझिमचं टोपडं होतं.

दोघं भिंतीआडच्या खोलीत गेले. खुर्ची मेजाखाली सारलेली. हेडफोन खिळ्याला. दांडीवर पॉप्लरच्या कापसाचा पातळ थर, आणि त्यावर कुणाच्याही बोटाचा ठसा नाही.

"दांडी आपोआप..." एर्मेक म्हणाला. "तार कुठंतरी चिकटली असेल."

बेगिमायनं हेडफोन कानाला लावले. पाळण्यावरचा माइक चालू होता. पुढची खोली शांत. पंख्याची घरघर. खाली रस्त्यावर कुणीतरी कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, विकत होतं.

मग, अगदी जवळ, टच्.

आणि उसासा.

"स्पीकर बंद कर," ती म्हणाली.

"बंदच आहे." एर्मेकनं तार उपटून तिच्यासमोर धरली.

टच्. उसासा. सेझिम हे घरी करायची थांबली होती. कधी थांबली, हे बेगिमायला आठवेना. आईला ते आठवू नये, याचीच तिला आधी भीती वाटली. बाकीची भीती मागून आली.

"एर्मेक, शून्य काढ."

"म्हणजे?"

"आपण रोज बटण दाबलं. ते सगळं काढ. पट्टीवर खरं वजन किती आहे ते दाखव."

त्यानं दोनदा चुकीचं बटण दाबलं. मग पडद्यावर आकडा आला. बाराशे ग्रॅमच्या थोडा वर.

"कापूस..." तो म्हणाला.

ती भिंत ओलांडून पुढच्या खोलीत गेली. पाळणा हलत नव्हता. पण नुकताच थांबलेला पाळणा आणि कधीचा थांबलेला पाळणा यांतला फरक कुठल्याही आईला दिसतो.

तिनं पांघरूण उचललं.

आत कुणी नव्हतं. गादी, उशी, दुलई, थोडा पांढरा भुरा.

पट्टे बांधलेले होते.

तिनं ते कधीच बांधले नव्हते, प्रयोगात त्यांची गरजच नव्हती. बाजूला लोंबत असायचे. आता दोन्ही पट्टे वरून आडवे गेले होते, गाठी मारलेल्या, ताणलेले. आणि त्यांच्याखाली दुलई सपाट नव्हती. फुगलेली होती. पट्टे पोकळीवर बांधलेले होते, आणि ती पोकळी पट्टे वर उचलून धरत होती.

खालचा पट्टा जरासा वर आला. खाली गेला. वर आला.

"बेगिमाय, बाहेर ये," दारातून एर्मेक म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "एजेंना बोलावू. बाहेर ये ना."

तिनं गाठी सोडल्या. गाठी तिच्या आईनं शिकवलेल्या होत्या, सुटल्या. दुलईखाली दोन्ही हात घातले.

वजन होतं.

तिनं दुलई गुंडाळली, छातीशी धरली आणि जिना उतरली.

मार्शरुत्का, ती छोटी बस, भरलेली होती. एक म्हातारा लगेच उठला. "बस पोरी, बाळ आहे." ती बसली. शेजारच्या बाईनं वाकून बघितलं. "तोंडावरचं जरा काढ, गुदमरेल. किती महिन्यांचं?"

"सात," बेगिमाय म्हणाली. तिला रडू येत होतं, म्हणून तिनं खिडकीकडे तोंड केलं. दुलईतून ऊब येत होती.

आपा दार उघडून काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी सुनेच्या हातांकडे बघितलं. हात कसे धरलेत ते बघितलं. दुलईकडे त्यांनी बघितलंच नाही. बाजूला सरल्या.

"ठेव तिच्याजवळ," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे देऊ नकोस."

सेझिम चटईवर छताकडे बघत पडली होती. बेगिमायनं दुलई तिच्या कुशीला ठेवली आणि हळूच उलगडली.

काही झालं नाही. दुलई हळूहळू सपाट झाली, एवढंच.

मग सेझिम रडली. तोंड वाकडं करून, लालेलाल होऊन, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी. शेजारणीनं भिंतीवर ठकठक केली. आपा मटकन खाली बसल्या आणि हसत हसत डोळे पुसायला लागल्या. "हां! ही आमच्या घरची."

बेगिमायनं जागा सोडली. क्लारा एजे रागावल्या नाहीत. "तुझ्या डोळ्यांखाली बघ. बाळाला बरं वाटलं की ये," म्हणाल्या. पाळणा तिनं परत मागितला, तेव्हा मात्र पाहुणे येऊन जाईपर्यंत राहू दे म्हणाल्या. "मोडून टाका," ती म्हणाली. एजेंना तो विनोद वाटला. दारावर नव्या विद्यार्थ्यासाठी जाहिरात लागली.

दवाखान्यातल्या बाईंनी सेझिमला काट्यावर ठेवलं आणि टाळी वाजवली. "सहाशे गेले होते, बाराशे आले! काय पाजतेस?"

बेगिमायही हसली. परतीच्या वाटेवर, पुलापाशी, तिचं हसू थांबलं. बाराशे.

तिनं सेझिमकडे बघितलं. सेझिम पेंगत होती. तोंडात दोन बोटं नेहमीचीच, पण ती डाव्या हाताची. उजव्या हातानं ती आपला कान ओढत होती. ओढून ओढून लाल केला होता.

गुलबारा फोन उचलत नव्हती. दुपारी बेगिमाय सेझिमला घेऊन त्या वस्तीत गेली. शेवटच्या थांब्यापासून वर, पाण्याच्या नळापाशी, हिरव्या फाटकाचं घर. आत शिवणयंत्र चालू होतं.

फाटक बोटभर उघडलं. "अगं, तू? हळू बोल. झोपलाय एल्दार."

"गुलबारा एजे, कधीपासून झोपलाय?"

"कधीपासून म्हणजे? हल्ली झोपलेलाच असतो. रडत नाही, कुरकुर नाही. किती कपडे शिवून झाले माझे! तुमच्या पाळण्याची कृपा."

"एकदा उचलून बघा ना. फक्त उचला. मी इथेच थांबते."

"झोपलेल्या बाळाला कोण उचलतं, वेडी आहेस का? एवढं शिकलीस आणि..." तिनं मान हलवली.

तिचा आवाज ऐकून बेगिमायच्या कडेवरची सेझिम जागी झाली. तिनं मान वळवली. फाटकाच्या फटीकडे बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले. आईकडे करावेत तसे. मग सगळं अंग तिकडे झोकून ती हंबरडा फोडून रडायला लागली. बेगिमायला तिला दोन्ही हातांनी आवळून धरावं लागलं.

"बघ, उठवशील माझ्या बाळाला," गुलबारा म्हणाली आणि फाटक लावलं. शिवणयंत्र पुन्हा सुरू झालं.

आतून दुसरा कसलाही आवाज आला नाही.

त्यानंतर बेगिमाय तिथे गेलेली नाही. गेली तर सेझिमला परत आणता येईल की नाही, याची तिला खात्री वाटत नाही. आणि न गेल्याची लाज तिला झोपू देत नाही. म्हणून ती भेटेल त्याला सांगते, आणि हे वाचणाऱ्या तुम्हालाही तिचं तेवढंच मागणं आहे. त्या बाजूला कधी गेलात तर शेवटच्या थांब्यावर उतरा. नळापाशी हिरवं फाटक आहे. काहीतरी शिवायला टाकायचंय म्हणा, ती आत घेईल. बाळ झोपलेलं असेल, गुबगुबीत दिसेल.

नुसतं बघून येऊ नका. उचला.